मी लिंपून टाकलेलं भोक

संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोनेक वर्षांत यांची बदली खोडाळ्याच्या शाळेत झाली. घर मिळालं ते कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीनं लिंपायचं, झाली भिंत. लिंपण जागोजागी गळालेलं. "ही भिंत आहे की चाळण?" असं मी पहिल्याच दिवशी यांना ऐकवलं.

कारण आमची सहा वर्षांची लेक दमेकरी. जरा धूर-धूळ नाकात गेली की तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. आणि फाल्गुन सरला की इथं राब भाजतात. जिथं रोपं करायची, तिथं शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून देतात. चहूकडे नुसता धूर! शेतकऱ्यांना तरी काय म्हणणार, त्यांचं पोट त्यावर. पण माझा जीव टांगणीला लागायचा.

हे म्हणाले, "महिनाभर तिला तुझ्या माहेरी पाठवू." मी म्हटलं, "आणि तिथं धाप लागली तर आई कुठून आणायची तिनं?" मग दाराला ओलं लुगडं टांगून पाहिलं. ते तासाभरात वाळायचं, आणि पाणी तर डोक्यावरून आणायचं. शेवटी ठरवलं, अख्खं घरच बुजवून टाकायचं.

शेजारीण शेणाची पाटी घेऊन मदतीला आली, पण तिचा हात चालेना. "मास्तरीणबाय, समदा नको कोंडू. धुराला जायाला वाट पायजे."

"धूर बाहेर आहे, घरात नाही," मी फटकारलं. मला मेलीला तेव्हा फार अक्कल! वळचणीखालच्या फटीतसुद्धा मी पोती कोंबली. लेकीच्या अंथरुणापाशी कुडाला एक भोक होतं, पलीकडे शेजारणीच्या शेळ्या बांधलेल्या. तिथं नाक लावून ती तासन् तास बसायची. "आई, एवढं एक ठेव ना," ती म्हणाली. "शेळ्या काय, दारातून बघ," म्हणत मी तेही अंगठ्यानं लिंपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर राब पेटले. घरात वाससुद्धा नाही. मी अगदी खुशीत तिच्यासाठी अडुळशाचा काढा ठेवायला चूल पेटवली. थोड्या वेळानं डोळे चुरचुरायला लागले. मला वाटलं, बाहेरचाच धूर शिरतोय. मी उठून दारही लावून घेतलं.

बघता बघता लेकीचे ओठ निळे पडले. बोलता येईना तिला. नुसती कुडाला नखं लावून ओरबाडत होती, आणि मी तिला मागं ओढत होते, धूर तिकडूनच येतोय म्हणून!

"दार उघड!" शेजारीण बाहेरून ओरडली.

"नको, धूर येईल!" मी आतून.

तिनं कोयता घातला. दोन घावांत कारवी तुटली आणि उजेड आत आला. "पोरीचं नाक रोज हितंच दिसतं ना," ती म्हणाली. लेकीनं त्या भोकाला तोंड लावलं. मग मी चूल विझवली, दार सताड उघडलं.

शिट्टी थांबायला दुपार झाली. जरा बोलता आल्यावर तिनं भीत भीत विचारलं, "आई, आता हे ठेवशील ना?"

मला रडूच कोसळलं. मी समजत होते, पोरगी तिथं बसून शेळ्या बघते. ती श्वास घ्यायला बसत होती.