गाढवावरून आलेला बिरोबा

माघातलं ऊन कोवळं होतं, पण वारा लई बोचरा. बीडच्या बार्शी नाक्यापाशी टायरच्या आणि चहाच्या दुकानांच्या मधोमध बिरोबाचं छोटंसं देऊळ आहे. दगडाबाईंनी तिथली पानं झाडली, देवाच्या दगडावर घागर ओतली अन् तेलात कालवलेला शेंदूर बोटानं चोपडला. अडुसष्ट वर्षांची बाई, पण उठताना भिंतीला हात लावणार नाही.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष तानाजीराव भारत पेंटरला घेऊन आले. टायरचं दुकान त्यांचंच. भिंतीवर देवाचा इतिहास लिहायचा होता. भारतनं आधी खडूनं लिहिलं आणि वाचून दाखवलं : 'स्वयंभू बिरोबा. पाचशे वर्षांचं जागृत स्थान.'

"आन् माझा सासरा कुठं गेला?" दगडाबाईंनी विचारलं.

"काकू, आश्रुबाआज्याला कोण इसरतंय? पण स्वयंभू म्हणलं की गर्दी वाढती," तानाजीराव म्हणाले.

आश्रुबाचं नाव ना सातबाऱ्यावर होतं, ना कुठल्या यादीत. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. या भिंतीवरूनही गेलं की गेलंच, हे दगडाबाई जाणून होत्या.

"जमिनीतून वर आला, मंग गाढवावर कशाला बसला हुता? बहात्तरच्या दुष्काळात चौसाळ्याकडून मेंढरं घिऊन आमी हितं आलो. मी नवी नवरी. गाढवाच्या एका अंगाला देव, दुसऱ्या अंगाला माझा पाटा. तुझ्या बापाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, तिथंच मामंजीनं देव उतरवला."

"हे बघितलं कुणी?"

"तूच की! चार वर्षांचा हुतास. देव उतरला तसा रडून रडून गाढवावर बसलास. भार सगळा एका अंगाला. पाट्यासंगं तू बी खाली! दाढीखालची खूण काय स्वयंभू हाय व्हय?"

चहावाला शहादेव हसता हसता किटली सांडून बसला. "मालक, दाढी सारा बरं जरा!"

तानाजीरावांचा हात आपसूक हनुवटीवर गेला. "आयला, मला जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं की घरच्यांनी!" ते म्हणाले, स्वतःच हसत सुटले आणि भारतला पुसायची खूण केली.

भारतनं खडूची अक्षरं पुसली, ब्रश उचलला : 'आश्रुबा मेंढपाळ यांनी चौसाळ्याकडून गाढवावर आणलेला बिरोबा. १९७२.'

"गाढवाचं नाव टाकू का, आजी?"

"टाक की. पण मंग तानाजीचं बी टाकावं लागंल."

दगडाबाईंना वाचता येत नव्हतं. भारतनं दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनीच भिंतीकडं बघत सगळं म्हणून टाकलं. मग पदर खोचला अन् घराकडं निघाल्या. शेळीची धार काढायची राहिली होती.