मोठ्या सडकेवरची बाई

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, असं विचारलंत तर मी गडबडेन. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते, आणि त्यासाठी अंधारी रात्रही लागत नाही. उन्हाळ्यातली भर दुपार पुरते.

गोष्ट आणीबाणीच्या आधीची. नागपूरच्या पूर्वेला, भंडारा रोडवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच, कारण त्या घरातल्या लेकरांना आता नातवंडं झाली आहेत. ठाणं म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक लॉकअप, निंबाखाली पाण्याचा रांजण आणि समोरून सतत वाहणारी सडक. सकाळी हजेरी, मग उलटलेल्या ट्रकचा पंचनामा, मग बांधावरच्या मारामारीतले दोघे डोकं फोडून हजर. दिवस असा जायचा.

सडकेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळी केस तिच्यावरच घडली. भोसल्यांच्या राज्यात बंजारे बैलांवर मीठ आणि धान्य लादून छत्तीसगडकडे जायचे, ती ही वाट. इंग्रजांनी तिच्यावर मुरूम-गिट्टी टाकली, कडेनं चिंचा आणि आंबे लावले आणि ग्रेट ईस्टर्न रोड असं भारदस्त नाव दिलं. आपल्या सरकारनं तिला पश्चिमेकडच्या रस्त्याशी जोडून राष्ट्रीय महामार्ग सहा केलं. म्हणजे राज्यात शिरायचं गुजरातच्या सीमेवर नवापूरला, आणि धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा करत बाहेर पडायचं देवरीच्या जंगलापलीकडे. सरकारनं काहीही म्हणो, आमच्याकडचे लोक तिला 'मोठी सडक'च म्हणत.

आमच्या हद्दीत या सडकेचं एक जुनं वळण होतं. रस्ता सरळ केला तेव्हा ते तसंच टाकून दिलेलं. डांबर उखडलेलं, खाली पावसाचं पाणी जायची एक जुनी मोरी, दोन्ही बाजूंना चिंचांच्या रांगा. सडक निघून गेली होती, झाडं तिथेच उभी होती.

त्या वर्षी वैशाखापासून ट्रक ड्रायव्हर एक गोष्ट सांगायला लागले. ऐन बाराच्या उन्हात जुन्या वळणाच्या टोकाला, सडकेलगतच्या चिंचेखाली हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी असते. गाडीला हात करते. ब्रेक मारून खाली उतरावं तर कोणी नाही. एका गाडीचा तर तिथे पार पलटा झाला. हात मोडलेला ड्रायव्हर ठाण्यातल्या बाकावर पडून एकच घोकत होता, "बाई होती जी. खरंच होती." मग ड्रायव्हरांनी हात पुसायच्या चिंध्या झाडाला बांधायला सुरुवात केली. जागेला नावही पडलं, चिंधीमाय. भुतावर गुन्हा नोंदवायचं कलम नाही, म्हणून मी पंचनामा केला आणि विषय सोडून दिला.

भाद्रपद लागल्यावर एक बाई ठाण्यात आली. कुहीकडच्या एका धानाच्या गावची, पन्नाशीची, कडेवर वर्षाचं लेकरू. आमच्या जमादारानं विचारलं, "काहून आल्या, मावशी?"

"माही मोठी पोरगी हरवली. सडकेवरच्या ढाबेवाल्याची बायको."

जमादार माझ्याकडे वळून हसला. "साहेब, ते जुनं प्रकरण आहे. पळाली ते."

"तू पाहायले गेलता का गा?" बाई त्याच्यावर अशी कडाडली की जमादार हातातला विड्यांचा कट्टा खिशात घालून सावरून बसला.

मग तिनं मला सगळं सांगितलं. वैशाखात जावयानं निरोप धाडला, तुमची पोरगी सुरतेच्या ट्रकमध्ये बसून पळाली. गावानं तोंडात शेण घातलं. कडेवरचं लेकरू त्याच पोरीचं. "अंगावरचं लेकरू टाकून कोन्ती माय जाते जी? दूध गळत असते तिचं!" ती म्हणाली. पुढचं तर याहून वाईट होतं. तुळशीचं लग्न लागलं की तिच्या धाकटीला त्याच घरी द्यायचं ठरलं होतं. जावयानं मागणी घातली, घरच्या पुरुषांनी शब्द दिला. बहिणीनं तोंड काळं केल्यावर हिला दुसरं कोण करणार, हा त्यांचा हिशेब.

"मले एकच सांगा साहेब, मोठी जित्ती आहे का मेली? जित्ती असन तर मी तिले जोड्यानं मारीन. मेली असन, तर धाकटीले त्या घरात कशी पाठवू?"

ढाबेवाल्याला मी चांगला ओळखत होतो. पस्तिशीचा, नीटनेटका, गोड बोलणारा. आमच्यातला प्रत्येक जण त्याचा चहा प्यालेला. जबाब देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊ द्या जी. जिथं असन तिथं सुखी राहो बिचारी."

हे मला खटकलं. बायको खरंच सोडून गेली की नवरा शिव्या देतो, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हा आशीर्वाद देत होता. पण आशीर्वाद दिला म्हणून कोणाला अटक होत नाही.

वाटेतल्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवले. उत्तरं आली, तपास चालू आहे. म्हणजे चालू नाही. शेवटी वरिष्ठांची परवानगी काढून साध्या वेशात मी स्वतःच निघालो, तांदळाच्या एका ट्रकमधून, पश्चिमेकडे. ती गेली असेल तर याच सडकेनं गेली असणार.

अमरावती सोडल्यावर पहिल्याच ढाब्यावर विचारलं आणि जीव एकदम वर आला. "हाव, पाहिली नं," ढाब्यावरचा माणूस म्हणाला. "हिरव्या लुगड्याची."

"कोणत्या गाडीत होती?"

"गाडीत नाही जी. उभी होती. झाडाखाली, बारा वाजता."

अकोल्याच्या पुढे बाळापूरकडे एका निंबाला चिंध्या दिसल्या. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, एक चिंधी बांधून आला. मलकापूरला तीच बाई, जळगावच्या केळीच्या बागांपाशी तीच बाई. धुळ्याला पोचेपर्यंत तिच्या पायांना जमीन लागेनाशी झाली होती. मी एका बाईला शोधत पुढे जात होतो आणि ती प्रत्येक मुक्कामाला माझ्या आधी पोचलेली होती. खोटं कशाला बोलू, साक्रीच्या पुढे मी ट्रकच्या काचेतून झाडांकडे बघणंच सोडून दिलं.

नवापूरला सागाच्या झाडांखाली चहा विकणाऱ्या एका म्हातारीला विचारलं. तिनं आलो होतो त्या दिशेला बोट दाखवलं. "ती होय? ती इकडची नाही, भाऊ. ती नागपूरकडची. तिला तिथंच पुरलीय म्हणतात."

चहा तसाच ठेवून मी परतीची गाडी धरली. येताना डोकं शांतपणे चालवलं. जिवंत बाई प्रवास करते तेव्हा पाणी मागते, भाकरी खाते, आडोसा विचारते, कोणाशी तरी भांडते. कोणाला ना कोणाला ती नक्की आठवते. एवढ्या लांब सडकेवर अशी बाई पाहिलेला मला एकही माणूस भेटला नाही. उभी असलेली मात्र सगळ्यांनी पाहिली होती. ती त्या ट्रकमध्ये कधी बसलीच नव्हती.

परत आलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. दुपारी थेट ढाब्यावर गेलो. मालक नव्हता. आचारी म्हणाला, "मालकानं आज मले चुलीले हातच लावू देला नाही. वडे, कढी, खीर, सारं सोता केलं. पान घेऊन जुन्या वळणाकडं गेले, तिकडूनच गावात गेले वाटते."

मी चालत त्या चिंचेकडे गेलो. ऊन असं की सडकेवरून वाफा निघत होत्या. एक गाडी नाही, माणूस नाही. वारा तर मुळीच नव्हता, तरी वरच्या चिंध्या हलत होत्या. बुंध्यापाशी पत्रावळ मांडलेली. भात, वडे, खीर, बाजूला हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू. फांद्यांवर कावळे ओळीनं बसले होते. एकही ओरडत नव्हता, एकही खाली उतरत नव्हता. माझ्या पाठीशी कोणीतरी उभं आहे असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी वळलो नाही. वळून कोणी दिसलं नसतं, तर मला जास्त भीती वाटली असती.

मग एकदम तिथी आठवली. नवमी! माझी आजी आजोबांच्या आधी, भरल्या कुंकवानं गेली होती. आमच्या घरी दर वर्षी त्याच दिवशी तिचं पान वाढत. नवरा हयात असताना गेलेल्या बाईची ती तिथी, अहेवनवमी. ड्रायव्हर चिंध्या बांधतात, विडी ठेवतात. बांगड्या आणि खण ठेवून नवमीचं पान वाढतो तो नवरा, नाहीतर मुलगा.

जमादाराला लगेच ढाबेवाल्याच्या गावी पाठवून घरातल्या बायकांची चौकशी करवली. दुसऱ्या दिवशी ढाबेवाल्याला ठाण्यात बोलावलं. माझी पद्धत साधी. हात उचलायचा नाही, आधी बराच वेळ भलतंच बोलायचं. धानाचं बोललो, डिझेलचं बोललो. तो सैल झाला.

"आई बरी आहे?"

"हाव जी."

"आजी?"

"ते तर आजा मेल्यावर बारा वर्सानं मेली."

"वहिनी, काकू, सगळ्या आहेत?"

"देवाच्या दयेनं साऱ्या आहेत."

"मग काल नवमीचं पान कोणाचं वाढलंस?"

त्यानं दाराबाहेर, सडकेच्या दिशेनं पाहिलं. "कावळा शिवला नाही, साहेब," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. त्याची नजर धाकट्या मेव्हणीवर होती. बायकोनं त्यावरून जाब विचारला. उन्हामुळे ढाब्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं तिचा गळा दाबला, जुन्या वळणाच्या मोरीत तिला सरकवलं आणि मोरीचं तोंड दगडांनी बुजवलं.

मी म्हणालो, "आणि लोक तिकडे फिरकू नयेत म्हणून भुताची आवई उठवलीस. हुशार आहेस!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे नको वाटतात. "मी काहून उठवीन जी? मले तर ते जागा कोनाच्या ध्यानातच येऊ द्याची नोती. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, हे मी कोनाले सांगतलं नाही. पहिला ड्रायव्हर येऊन बोलला, तवा माह्या हातचा गिलास खाली पडला."

तो पहिला ड्रायव्हर मी पुढे खूप शोधला, सापडला नाही. त्या दुपारी जाता जाता कोणीतरी तिला जिवंत पाहिलं असेल, मदतीसाठी हात करताना. आणि हिरवं लुगडं काय, निम्म्या बाया नेसतात. मी स्वतःची अशी समजूत घालतो. ती कधी पुरते, कधी पुरत नाही.

मोरी उघडायला पंच मिळेनात. चिंधीमायपाशी यायला कोणी राजी नव्हतं. शेवटी तहसीलदारांसमक्ष आमच्याच शिपायांनी दगड काढले. जे होतं ते बाहेर आलं. पायातली जोडवी आईनं ओळखली. मला वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल.

"म्हंजे पळाली नोती," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. मेलेल्या लेकीपुढे उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावर मी तसं पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही.

मग ती मला म्हणाली, "साहेब, आता गावात चाला. टोपी-गिपी घालून. माह्यावर कोनी इस्वास नाही ठेवनार."

गेलो. लेकरू कडेवर घेऊन ती पुढे, मी पूर्ण गणवेशात मागे. पहिल्या दारासमोर थांबून तिनं हाक मारली आणि मला म्हणाली, "ह्यायले सांगा." मी सांगितलं, "तुमच्या गावची लेक पळाली नव्हती. वैशाखातच तिचा खून झाला." आतल्या माणसांच्या माना खाली गेल्या. "आता ह्या घराले." असं करत तिनं मला सगळं गाव फिरवलं. ज्यानं ज्यानं तिच्या पोरीचं नाव घेतलं होतं, ते प्रत्येक दार तिला पाठ होतं.

आरोपपत्र कोर्टात दिलं की आपलं काम संपलं, असं आम्हा पोलिसांना वाटतं. पुढे त्याला जन्मठेप झाली, कागद पूर्ण झाले. पण मेलेल्या बाईची अब्रू कोर्टात नव्हती, गावात होती, आणि ती परत द्यायला कोणीतरी दारोदार जाणं भाग होतं. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. त्यानंतर अशा प्रत्येक केसमध्ये मी गावात जाऊन, उभं राहून, मोठ्यानं सांगत आलो.

सगळ्यात शेवटी आम्ही तिच्या स्वतःच्या घरी पोचलो. नवरा ओसरीवर मान घालून बसला होता. धाकटी दाराआड उभी होती.

"आता ह्यायले सांगा," ती म्हणाली. "सगळ्यायच्या आधी ह्यायनंच म्हटलं होतं, पळाली म्हनून."

मी बापाला सांगितलं. त्यानं वर पाहिलं नाही. मग तिनं लेकरू धाकटीच्या हातात दिलं, उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली.