पिसांचा साप
बेंदराला ओल्या मातीचा वास आला की शाळेतलं ते प्रदर्शनच आठवतंय! बैलं करून उरलेल्या मातीचा मी आणि माझ्या जिवलग मैत्रिणीनं मेक्सिकोतल्या जुन्या अझ्टेक लोकांचा देव केलता, अंगभर पिसं असलेला साप! त्या देवाचं पुस्तक मी शोधलेलं, आठवडाभर तिच्या गच्चीवर दोघी राबलेलो. आणि प्रदर्शनात सरांनी विचारलं तर ही म्हणती, "मी एकटीनं केलाय, सर." "अगं, आणि मी?" "तू नुसती कोंबड्याची पिसं आणलीस की!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "बरं, देवाचं नाव काय?" तिला येईना, ती माझ्याकडं बघाय लागली. आणि मी येड्यागत पटकन सांगून टाकलं, "केत्साल्कोआत्ल!" सरांनी वहीत ते लिहिलं आणि पुढं तिचं नाव. तिचा राग मला अजून येतोयच, पण माझा मलाच त्याहून जास्त येतोय.