कमरेची कोयती

माझ्या भावाला एक खोड आहे. बोलताना त्याचा उजवा हात मागे कमरेवर जातो. तिथे आकडी असते आणि आकडीत कोयती. आकडी म्हणजे कमरेला दोरीने बांधलेला, खाच पाडलेला लाकडाचा तुकडा. कोयती त्यात अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा आहे. तिथला गडी सकाळी तोंड धुतो आणि आकडी बांधतो, मधे चहा घेईल नाहीतर नाही. भाऊ त्या मुठीवर पंजा टेकवून कुणाशीही तासभर गप्पा मारतो. माझ्या लग्नात आईने त्याला कोयती घरी ठेवायला लावली, तर मांडवात रिकामा हात मागे घेऊन उभा होता. त्यावरून माझ्या सासरची, किकवीची माणसं अजून त्याची टिंगल करतात.

या खोडीपायी आणि एका शब्दापायी त्याला सात वर्षांची सजा झाली.

आधी त्याचं काय चुकलं ते सांगते. बहीण आहे म्हणून पांघरूण घालते, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. आमच्या पठारावर एक पाण्याचं टाकं आहे, उन्हाळ्यात गुरांना तेवढाच आधार. एका रविवारी शहरातून फिरायला आलेली चार पोरं त्यात साबण लावून आंघोळ करत होती. बाटल्या दगडावर आपटून फोडलेल्या. म्हशीच्या खुरात काच घुसली आणि भावाचं डोकं फिरलं. तो बोलायला लागला, तशी त्यातला एक जण मोबाईलवर त्याचं शूटिंग करत म्हणाला, "मामा, परत एकदा बोला ना, आवाज नीट आला नाही." बाकीचे खिदळले. भावाने तो मोबाईल हिसकावला आणि चालता झाला. तिथेच दगडावर ठेवून आला असता तर एवढं वाढलं नसतं. त्याने घरी आणून फळीवर ठेवला. आईने विचारलं तर म्हणाला, "येतील मागायला, तवा टाक्यापाशी नेऊन माफी मागाया लावतो." मागायला आले ते पोलीस.

हिसकावणं चूकच. धाकाने घेतलं तर कायद्यात ती जबरी चोरी होते, हे मला आता पाठ झालंय. त्याबद्दल त्याला शिक्षा व्हायला हवी होती, असं मी आजही छातीठोक सांगते. माझी तक्रार पुढची आहे.

खटला पुण्याच्या कोर्टात चालला. मी किकवीहून एसटीने जायचे, आई विंझरपर्यंत चालत येऊन तिथून गाडी धरायची. साक्षीला तो मोबाईलवाला मुलगा आला. चांगल्या घरातला, घाबरट चेहऱ्याचा. त्याने खोटं काही सांगितलं नाही. भावाच्या वकिलाने विचारलं, "कोयता बाहेर काढला होता का?" तो म्हणाला, "नाही. पण हात कोयत्यावर होता, म्हणून मी मोबाईल सोडला." तो खरोखर घाबरला असणार. त्याला काय ठाऊक, हा माणूस आईशी थट्टा करतानाही हात तिथेच ठेवतो.

मग आरोपीला विचारायची वेळ आली. न्यायाधीश एक बाई होत्या, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, "घटनेच्या वेळी तुमच्याजवळ हत्यार होतं असं साक्षीदार म्हणतात. यावर तुम्हाला काय सांगायचं आहे?"

भाऊ ताठ झाला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला उत्तर येणारा प्रश्न कुणी विचारला होता. "खरं हाय की, बाईसाहेब. हत्याराबिगर आमी घराभाईर पडतच न्हाई."

वकिलाने कपाळाला हात लावला. मला मात्र क्षणभर भावाचा अभिमान वाटला, कारण आमच्या वाड्यावर हे असंच म्हणतात. बिनहत्याराचा गडी म्हणजे ऐतखाऊ, त्याला पोरगी देत नाहीत. आमच्याकडे अवजार हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात असतो. खंडेनवमीला आई जे पुजते ती हत्यारं: कोयती, कुऱ्हाड, विळा. किकवीला मी पुजते तीही हत्यारंच: माझी शिलाईची कात्री आणि आमच्या ह्यांच्या टेम्पोचा पाना. भावाने सांगितलं की मी कामाचा माणूस आहे. कोर्टात लिहिलं गेलं की आरोपी नेहमी शस्त्र बाळगतो. वकिलाने नंतर समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण बोललेलं कागदावर उतरलं होतं.

निकालाच्या दिवशी दोषी ठरवल्यावर न्यायाधीश बाईंनी त्याला शिक्षेबद्दल काय म्हणायचंय ते विचारलं. तो म्हणाला, "आई थकलीया. गुरं हायती. मोबाईल म्या घेतला, त्याचं जे काय आसंल ते द्या." बोलता बोलता हात मागे गेला. बाजूच्या हवालदाराने दरडावलं, "हात पुढे ठेव!" त्याने दचकून हात पुढे घेतला आणि त्या हाताचं काय करावं हे न समजून सदऱ्याचं बटण चाचपत राहिला.

मग बाईंनी सांगितलं की आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे, कुणाला ओरखडाही आलेला नाही, हे न्यायालयाच्या लक्षात आहे. पण जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरलं की कायद्याने किमान सात वर्षं ठरवून दिली आहेत, त्याहून कमी देण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. आईने माझ्या कानाशी विचारलं, "बाई चांगलं बोलत्यात, सोडत्यात जणू?" मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. जिन्यात सांगितलं, तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "सात वर्सं मी न्हाई निघायची गं."

तेव्हापासून मला 'किमान' या शब्दाचा राग आहे. जिने त्याला पाहिलं, ऐकलं, चांगली शाबूत डोक्याची न्यायाधीश, तिला तुम्ही तोलायचं कामच करू दिलं नाहीत. माणूस तिच्यासमोर उभा राहण्याआधीच कुणीतरी दूर बसून त्याची सजा ठरवून टाकली. शहरात कोयते नाचवत दुकानं फोडणारी टोळकी आहेत, मला माहीत आहे. त्यांना सात काय, चौदा द्या. पण मग न्यायाधीशाला त्यांच्यात आणि माझ्या भावात फरक करू तरी द्या. फरक करायचाच नसेल, तर खुर्चीवर माणूस बसवता कशाला?

आमचे हे सुरुवातीला म्हणाले, "चोरी ती चोरी. कायदा सगळ्यांना सारखा." मी म्हटलं, "मग तुमच्या टेम्पोचा पाना उद्यापासून घरी ठेवा. सारोळ्याच्या पुलाजवळ त्या दुचाकीवाल्याशी भांडलात, तेव्हा हातात काय होतं? टायर बदलत होतात ना?" दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "वकिलाकडं कधी जायचंय?"

वकिलाने अपील केलंय. वरच्या कोर्टालाही किमानाच्या खाली उतरता येत नाही, एवढं त्याने स्पष्ट सांगितलं. सगळं अडलंय 'वापर' या एका शब्दावर. मुठीवर नुसता हात ठेवणं हा वापर नाही असं ठरलं, तर सात वर्षांचं कलम गळतं आणि मग न्यायाधीशाला हवी तेवढी कमी शिक्षा देता येते. तोवर भाऊ आत आणि आई उंबऱ्यावर. अपील कधी निघेल ते कुणी सांगत नाही.

मधे वेल्ह्यात नव्या कायद्यांची माहिती द्यायला शिबिर भरलं. मी मुद्दाम गेले. एक वकील बोलायला आले होते, भला माणूस, सोपं करून सांगत होते. अमक्याला किमान दहा, तमक्याला किमान वीस, असं म्हणाले की पुढच्या रांगा टाळ्या वाजवायच्या. डोंगरावरून आलेले आमचे म्हातारेही टाळ्या वाजवत होते. प्रत्येक टाळीला माझं अंग पेटत होतं. प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले.

"साहेब, जरा दाराबाहेर बघा," मी म्हटलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. दारात चपलांचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकवून, आकड्या आणि कोयत्या. सभेत बसायचं म्हणून म्हाताऱ्यांनी काढून ठेवलेल्या.

"ती सगळी हत्यारं आहेत. आम्ही त्यांना हत्यारंच म्हणतो. आता टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाचं कुणाशी वाजलं, काही हिसकाहिसकी झाली आणि हात कमरेवर असला, तर किमान सात वर्षं. न्यायाधीशाला पटो वा न पटो. जास्तीत जास्त किती, ते कायद्याने सांगावं. कमीत कमी किती, ते समोर माणूस बघून ठरवू द्यावं. एवढी सुधारणा करायला कुणाला सांगायचं, ते सांगा."

वकील साहेबांनी उडवाउडवी केली नाही. म्हणाले, "ताई, कायदा दिल्लीत होतो. मी नुसता सांगायला आलोय."

"मग दिल्लीला माझं सांगा. आम्हालाही किमान एकदा विचारा म्हणावं."

मागून एक म्हातारा म्हणाला, "व्हय, पोरगी खरं बोलतीया." सभा संपल्यावर म्हाताऱ्यांनी आकड्या बांधल्या, पण रोजच्यासारख्या नाही. एक जण कोयती पदराखाली झाकावी तशी उपरण्यात गुंडाळून घेऊन गेला. ते बघून मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. हातातल्या कामाची लाज वाटायला लावतो, तो कसला न्याय?

आता गुरांसाठी मी महिन्यातले बरेच दिवस वाड्यावर असते. पाला तोडायला कोयती लागते. भावाची आकडी मी साडीवरून कमरेला बांधते. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "बाईमाणसानं?" आणि मग स्वतःच मागून गाठ घट्ट करून दिली.

परवा मुलाखतीला तुरुंगात गेले. काचेपलीकडे भाऊ वाळलेला दिसला, हात पुढे घडी घालून बसलेला. इतक्या दिवसांत त्यांनी ती खोड मोडली. फोनमधून आईचं विचारून झालं, म्हशीचं विचारून झालं. मग म्हणाला, "आक्का, माझी कोयती गंजली आसंल."

"गंजंल कशी? रोज माझ्या कमरंला असती."

तो हसला नाही. काचेजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "आगं, पठारावर फिरायला येत्यात लोकं. कुणाशी बोलताना हात पुढं ठेवत जा."

"न्हाई ठेवायची," मी म्हटलं.