नातीचा फाटका आवाज

माझ्या नातीचा आवाज गोड होता. लंडनमध्ये हाउन्सलोला आमच्या मंडळात गणपतीला तीच गायची. नोकरीसाठी वॉटफर्डला राहायला गेली आणि काही महिन्यांनी तिचा फोन आला, तेव्हा मला वाटलं कोणी बाप्याच बोलतोय.

"सर्दी झालीय का गं?"

"नाही आजी. मी कोरियन गाणं शिकते. त्याला असाच आवाज लागतो."

एक बाई उभी राहून तास-दोन तास गोष्ट गाऊन सांगते, समोर एक जण ढोल घेऊन बसतो, एवढंच ते गाणं. त्यासाठी ही रोज ओरडून घसा सोलून घेत होती. मुद्दाम. मी चौथी शिकलेली, पण दुसरा घसा मिळत नाही हे मला कळतं. तिचा पहिला कार्यक्रम ठरला. तो संपला की हे खूळ बंद करायचं, असं ठरवूनच मी सुनेबरोबर गेले.

चर्चचा हॉल होता. ती चटईवर उभी, हातात पंखा. गोष्टीतली आई लेकीला निरोप देते तिथे आवाज वर चढला आणि टर्रकन फाटला. दारात मांजराचं शेपूट सापडावं तसा. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "बस कर गं, मरशील अशाने."

ढोलवाल्याने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि जोरात थाप मारली. ऐकायला आलेले कोरियन म्हातारे खूश होऊन ओरडले. पोरगी आणखी वर चढली. मी "पुरे, पुरे" म्हटलं, तर पुन्हा तेच.

सून कानाशी लागली. "अहो आई, बसा. इथे ऐकणाऱ्यांनी ओरडून गाणारीला जोर द्यायचा असतो. तुम्ही तिला चढवताय."

मी बसले. ती अजून अर्धा तास गायली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मी सोडून देणार होते आजी. तू ओरडलीस, मग नाही सोडलं."

"मी थांब म्हणत होते."

"माहितेय. मला मराठी येते." ती हसली. हसण्याचा आवाजच आला नाही.

पुढच्या आठवड्यात सुनेने तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशात गाठी आल्यात, पहिला आवाज बहुतेक परत यायचा नाही.

नातीने विचारलं, "नक्की ना?"

मी तिच्या शेजारीच बसले होते. ती घाबरली नव्हती. तिला आनंद झाला होता.