फिलोमिनाबाईंचं हिरवं कडं

डिसेंबरात आमच्या स्टाफरूममध्ये केर काढला की सुरूच्या काड्या निघतात, आणि काड्यांबरोबर एखादा किस्साही निघतो. दरवर्षी त्यात भर पडते. डिचोलीच्या शाळेत मी मराठी शिकवते, फिलोमिनाबाई शिवण शिकवतात. नाताळाला दारावर लावायचं गोल कडं, म्हणजे रीथ, बाजारातलं प्लास्टिकचं आणायचं नाही, परसात असेल त्याचंच करायचं, असं त्यांनी एका वर्षी ठरवलं. हे होतं तरी कसं, या उत्सुकतेपोटी मी त्यांच्या मागे लागले.

पहिलं कडं सुरूचा पाला आणि पांढरी शेवंती लावून केलं होतं. फिलोमिनाबाईंनी ते सकाळीच स्टाफरूमच्या दारावर टांगलं. हेडमास्तर त्याच आठवड्यात सावंतवाडीकडून नवे आलेले. गोल बांधलेली पांढरी फुलं त्यांनी आजवर शवपेटीवरच पाहिली होती. ते दारात थांबले, हात जोडले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं घंटा झाली. सगळी शाळा मैदानात दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली.

मुलं वर्गात गेल्यावर फिलोमिनाबाईंनी हळूच विचारलं, "सर, कोण वारलं?"

सर म्हणाले, "मी तुम्हालाच विचारणार होतो."

*

आतला सांगाडा तारेचा नको, वेलीचाच हवा, असा फिलोमिनाबाईंचा आग्रह. आमच्या घरी नार्व्याला कुंपणावर गुळवेल माजलेली असते. मी ती ओली असतानाच वळली, तिचं मनगटाएवढ्या जाडीचं कडं केलं आणि सुकायला पडवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यावर पाण्याचं मडकं. सासूबाईंनी मडक्याचं बूड त्यात नीट बसवलं होतं.

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "चुंबळ बरी केलंस गो. आणखी एक कर, तांदळाच्या मडक्याक."

त्या वर्षी मी तीन कडी वळली. फिलोमिनाबाईंच्या वाट्याला तिसरं आलं.

*

कुठला पाला नाताळापर्यंत हिरवा राहतो, हा आमचा मोठा प्रश्न. म्हणून आम्ही स्टाफरूमच्या बोर्डावर आंबा, काजू, फणस, जांभूळ आणि सुरू यांची एकेक डहाळी चिठ्ठी लावून टोचली. रोज प्रार्थनेआधी दोघी जाऊन बघायचो. आंब्यानं दोन दिवसांत मान टाकली. फणस तपकिरी झाला. काजूची पानं वळून होडीसारखी झाली. सुरूची डहाळी मात्र जशीच्या तशी.

नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली. साहेब बोर्डापुढे बराच वेळ उभे राहिले आणि शेरेबुकात लिहून गेले, 'विज्ञानाचे प्रात्यक्षिक उत्तम.'

विज्ञानाच्या सरांनी आजवर त्याचा खुलासा केलेला नाही.

*

सुरूची बोंडं हवीत म्हणून आम्ही एकदा मोरजीला गेलो. तिथं कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे किनाऱ्यावर पहारा असतो. आम्ही दोघी सुरूच्या बनात वाकून वाकून काहीतरी वेचतोय आणि पिशवीत टाकतोय, हे पहारेकऱ्यानं लांबून पाहिलं. तो आला आणि त्यानं पिशवी उघडायला सांगितली. बोंडं पाहिली, एक हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि याचं काय करता म्हणून विचारलं. फिलोमिनाबाईंनी त्याला वाळूत गोल काढून सगळी कृती समजावली.

तासाभरानं आम्ही निघालो तेव्हा पिशवी भरली होती. अर्धी त्यानंच भरून दिली होती.

*

आता हा किस्सा गेल्या वर्षीचा. कड्यावर लाल-केशरी फुलं हवी होती, पण दोऱ्यानं बांधली की ती गळत. रविवारी फिलोमिनाबाई अबोलीची फुलं घेऊन आमच्या घरी आल्या. सासूबाई पडवीत सुपारी कातरत होत्या. त्यांनी थोडा वेळ आमची धडपड पाहिली, मग अडकित्ता खाली ठेवला आणि मला केळीचा सोप, म्हणजे खोडाची सुकी साल, आणायला पाठवलं. सोपाचा धागा ओला करून त्यांनी गजऱ्यासारखी फाती विणायला घेतली. बोटं अडखळली नाहीत. मी या घरात आल्यापासून त्यांना फुलं विणताना पाहिलं नव्हतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तर त्या अबोलीच्या रोपाला पाणी घालत, पण फूल तोडत नसत.

फिलोमिनाबाईंनी ती वीण कशी घालायची ते विचारून घेतलं. बोलता बोलता निघालं की त्यांचा नवरा बोटीवर होता, तिकडेच वारला. सासूबाईंनी किती वर्षं झाली म्हणून विचारलं. फिलोमिनाबाई म्हणाल्या, चार.

कडं पुरं झालं. वीतभर फाती उरली. सासूबाईंनी ती मधोमध तोडली. एक तुकडा फिलोमिनाबाईंच्या अंबाड्यात खोवला आणि दुसरा त्यांच्या हातात देऊन स्वतः पाठमोऱ्या बसल्या. फिलोमिनाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तो सासूबाईंच्या पांढऱ्या केसांत माळला.

संध्याकाळी माझा नवरा घरी आला. चपला काढता काढता थांबला आणि आईकडे बघत राहिला.

"आज काय आसा, आई?"

"नाताळ," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या.

नाताळाला अजून चार दिवस होते.