तीन दिवस हजर

बारा फेब्रुवारी १९८६, बुधवार. रक्कम एकशे एकाहत्तर रुपये. उपस्थित: मुलुंडच्या माझ्या मुलीच्या शाळेचे चिटणीस, मुख्याध्यापक, भूगोलाचे परब सर आणि पालकांचा प्रतिनिधी म्हणून मी. गेल्या महिन्यात परब सर वारल्याचं कळलं, तेव्हा मला पहिली आठवली ती हीच बैठक...

त्या जानेवारीत सरांनी नववीच्या वर्गाला विचारलं होतं, "तुमच्या नळाचं पाणी येतं कुठून?" पोरं म्हणाली, टाकीतून. "आणि टाकीत काय पाताळातून येतं रे?" एवढ्यावर न थांबता ते अडतीस मुलांना घेऊन निघाले आणि मुलुंडमधून जाणाऱ्या पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या कडेकडेने उलट दिशेने थेट तानसा तलावावर पोचले. तीन दिवस. चौतीस किलोमीटर पायी, बाकी एसटीने, मुक्काम गावच्या शाळांत. मुलांनी दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीने पाइपाचा घेर मोजला, गळतीखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहिलं. सरांच्या पिशवीत वर्गाचा कॅटलॉग होता. शाळा भरायच्या वेळी, असतील तिथे उभे राहून ते त्यात रोज हजेरी घेत. माझी वैशाली त्यात होती. वाटेत हंडे घेऊन चाललेल्या एका बाईला तिने विचारलं, "मावशी, पाइप तर तुमच्या दारातच आहे?" बाई हसली. "दारात हाय, पन पानी तुमचं हाय ना, पोरी." त्यानंतर कित्येक दिवस मी दाढी करताना नळ चालू ठेवला की वैशाली येऊन तो बंद करायची. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं असतं?

बैठकीत चिटणीस म्हणाले, "मास्तर, सहलीला एकच दिवस मंजूर असतो. तुम्ही तीन दिवस पिकनिक केलीत."

"पिकनिक नाही साहेब, शिकवत होतो. कॅटलॉग बघा ना."

त्यांनी बघितला, आणि हजेरीच्या एकशे चौदा खुणांवर लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं. सरांच्या नावावर तीन दिवसांची बिनपगारी रजा पडली, पगारातून एकशे एकाहत्तर रुपये कापले गेले. त्या इतिवृत्तावर मी सही केली. मुलीचं दहावीचं वर्ष तोंडावर होतं, शाळेशी वाकडं कशाला... फाटकाबाहेर सर एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्हाला आकडे कळतात. बेरीज चुकली, एवढं तरी म्हणायचं होतं."

तेवढंही मी म्हणालो नव्हतो. आणि इतक्या वर्षांनी शाळेतल्या शोकसभेत तेच चिटणीस सांगत होते, "सरांना सहलींची भारी हौस!" हौस? पायाला फोड आलेल्या पोरांना रोज रात्री तेल लावून देणाऱ्या माणसाची हौस? मी उभा राहिलो. म्हटलं, "आधी कॅटलॉग काढा. एकशे चौदा लाल खुणा चुकीच्या आहेत, आणि त्याखाली माझीही सही आहे." सभेत चुळबुळ झाली. कुणीतरी माझा शर्ट ओढला. मी बसलो नाही.

पंधरा दिवसांनी शाळेचा कारकून पैसे आणि पावती घेऊन सरांच्या घरी आला. वहिनींनी मलाही बोलावलं होतं. पावतीवर होतं: 'सहलीच्या बिनपगारी रजेची रक्कम सहानुभूतीपूर्वक परत.' खुंटीवर ती गाठींची दोरी अजून तशीच होती. वहिनींनी सरांचाच चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली. "ह्यांना रजा कधी होती हो?" त्यांनी सगळी ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'तीन दिवस शिकवल्याचा पगार.'

"बाई, ऑफिसात हे चालायचं नाही," कारकून म्हणाला.

"मग पैसे घेऊन जा."

तो गेला नाही. एकशे एकाहत्तर रुपये, श्रीमती परब यांना, रोख. साक्षीदार म्हणून खाली सही माझी.